नारळ न फुटलेली ऑर्डर

दिघी,
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

चि. सुजित,

आशीर्वाद. 'अनेक उत्तम' असं आधी लिहायची पद्धत आहे, पण आज एकच पाठवतेय, तो पुरवून वापर.

पत्र बघून हसशील. ताईला काय झालं, म्हणशील. अरे, मग करू काय? फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की निळ्या खुणा उमटतात आणि पुढं शुकशुकाट. ऑफिसात समोर आले की मोबाइल कानाला लावतोस, पलीकडे कोणी नसतं हे मला न कळायला मी काय परकी आहे? आणि मोबाइलवर लिहिलेलं कोण कोणाला पुढं ढकलेल याचा आता भरवसा राहिला नाही. म्हणून आज गुरुवारच्या सुट्टीत कुकर लावून जेवणाच्या टेबलावर लिहायला बसले. संत तुकाराम नगरच्या पत्त्यावर कुरिअर करतेय. तुझ्या बायकोच्या, मिनलच्या हातात पडलं तरी ती फोडणार नाही, ती तुझ्यापेक्षा सरळ आहे.

आईचा गुडघा कसा आहे? परवा फोनवर विचारलं तर म्हणाली, "गुडघ्याचं काय घेऊन बसलीस गं, सुजित जेवायला बी ईना झालाय. तुमच्या हापिसात काय चाललंय ते सांग आधी." मी म्हणाले, काही नाही, सहामाही संपली की धावपळ असते. तिनं फोन ठेवून दिला. इतकी वर्षं पिंपरीत काढली तरी तिचं अंबाजोगाईचं बोलणं सुटलं नाही आणि माणूस ओळखायची नजरही सुटली नाही. तिला पटलं नाही, एवढं मला कळलं. तिचं तेल संपलं असेल तर सांग, इथल्या वैद्यांकडून आणून ठेवते.

तुझ्या लेकीचा, पिंकीचा दांडियाचा फोटो मिनलनं पाठवला. घागरा छान दिसतोय. तुझ्या दाजींची या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे, त्यामुळे घरात माझं बोलणं ऐकायला कोणी नाही. तेही एक कारण समज या पत्राचं.

बाकी इकडे ठीक.

ठीक कसलं डोंबलाचं! असं लिहून पेन खाली ठेवलं होतं, पुन्हा उचललं.

गणपतीत आरतीनंतर सगळ्या नातेवाइकांसमोर तू काय म्हणालास आठवतं? "ताईचं खातं म्हणजे चहाड्या सांगायचं खातं." सगळे हसले. मीही हसले, हातात प्रसादाचं ताट होतं म्हणून. दादासाहेबांची कंपनी गाड्यांचे दरवाजे-बंपर रचून न्यायचे लोखंडी रॅक बनवते, हे आईला आपण दोघंही सांगतो. तू ते विकतोस हेही तिला कळतं. मी काय करते ते मात्र तिला कधी सांगता आलं नाही, आणि तुला कळून घ्यायचं नव्हतं. तर आज लिहूनच देते.

तुम्ही सेल्सवाले म्हणता, एवढ्या ऑर्डरी येणार. मार्केटिंगवाले प्रदर्शनात गोळा केलेली व्हिजिटिंग कार्डं दाखवतात आणि त्यालाच धंदा म्हणतात. अकाउंट्सवाले बिल निघाल्याशिवाय काही मानायला तयार नाहीत. कोणतं गिऱ्हाईक आपल्यावर वैतागलंय हे सर्व्हिसच्या पोरांना पक्कं माहीत असतं, पण त्यांना विचारतो कोण? या चौघांची तोंडं चार दिशांना. त्यांना एका ठिकाणी बसवून, पुढच्या महिन्यात खरंच काय होणार आहे ते मालकाला सांगायचं, याला रेव्हेन्यू ऑपरेशन्स म्हणतात. आमच्या सांगण्यावर पोलाद घेतलं जातं, कंत्राटी माणसं भरली जातात. अंदाज बरोबर आला की सेल्सला टाळ्या, चुकला की खापर आमच्यावर. तुमचं अर्धं काम तुमच्या डोक्यात, उरलेलं व्हॉट्सअ‍ॅपवर. सिस्टीममध्ये भरायला सांगितलं की म्हणता, "धंदा आणू का टायपिंग करू?" आणि महिनाअखेरीला घाईघाईनं असं काही भरून ठेवता की ते निस्तरताना आम्हाला रडू येतं. ही चहाडी नव्हे रे, हे तुमच्या मागं झाडू मारणं आहे.

त्यात आता कारभार बघणाऱ्या बंटीसरांना हिंजवडीच्या कुठल्याशा हॉटेलात कोणीतरी नवं सॉफ्टवेअर दाखवलं. म्हणे हे आपोआप भविष्य सांगतं. हिरवं दिसलं की ऑर्डर येणार, लाल दिसलं की नाही. झालं! ते आलं आणि माझी टीम निम्मी झाली. राहिलो मी आणि दिव्या. मग लायसन्स महाग पडतात म्हणून दोघींत मिळून एकच लॉगिन. मी तेव्हाच म्हणाले होते, सर, दोन माणसांचं एक लॉगिन म्हणजे कोणी काय केलं ते कळणार नाही. ते म्हणाले, "अहो मॅडम, तुम्ही दोघीच तर आहात. घरातल्यासारखं." घरातल्यासारखं! हा शब्द किती महागात पडणार हे त्यांना तरी काय माहीत.

आता नारळाचं. तू नवा नाहीस, तरी लिहिते, कारण सगळं तिथंच अडकलंय.

आपल्या धंद्यात ऑर्डरचा कागद उशिरा येतो. आधी खरेदीवाला तोंडी शब्द देतो आणि त्याच्या शब्दावर काम सुरू करावं लागतं, नाहीतर माल वेळेत होत नाही. हा शब्द खरा कधी धरायचा, त्यासाठी दादासाहेबांनी नियमच केला होता. गिऱ्हाइकाचा माणूस आपल्या प्रेसशॉपमध्ये, मशिनपाशी यायला हवा, नाहीतर निदान फोनवर स्पीकरवरून सगळ्यांना ऐकू येईल असं बोलायला हवा. मग नारळ फोडायचा आणि खोबरं गेटपासून कँटीनपर्यंत वाटायचं. चारचौघांत नारळ फोडायला लावल्यावर शब्द फिरवणारा खरेदीवाला अजून चाकणमध्ये जन्मला नाही, असं ते म्हणायचे, आणि खरंच कोणी फिरवला नाही. म्हणून सिस्टीम आली तेव्हा मी त्यात त्या पायरीचं नावच 'नारळ' ठेवलं. सॉफ्टवेअरवाली पोरं फिदीफिदी हसली. पण त्यांचं यंत्र काय शिकलं? 'नारळ' झाला म्हणजे ऑर्डर आली. कारण आजवर तसंच होत आलं होतं.

म्हणूनच ऑर्डर त्या पायरीवर ढकलायचा अधिकार तुम्हाला दिला नव्हता. तुम्ही मागायचं, आम्ही नारळ खरंच फुटलाय का बघून मान्यता द्यायची. हे तुला टोचायचं, मला माहीत आहे.

आणि या वेळी तुला ती मोठी ऑर्डर सहामाहीच्या आत हिरवी दिसायला हवी होती. बंटीसर सेल्स हेड नेमणार होते. तुझं नाव पुढं होतं. हे मी समजू शकते, बाबा. खरेदीवाला फोनवर "करू आपण" म्हणाला होता, तेही मला माहीत आहे. पण 'करू आपण' म्हणजे 'हो' नव्हे, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. तू दिव्याकडे मान्यता मागितलीस, तिनं नाकारली. पुन्हा मागितलीस, पुन्हा नाकारली. "सर, नारळ कुठं फुटला?" एवढंच विचारलं तिनं. तिच्या वयाच्या पोरी तुझ्या आवाजानं लटपटतात. ही चिवडा खात खात नाही म्हणायची. तुला तिचा राग होता. मला अभिमान होता.

मग राखी आली.

हे लिहायचं टाळत मी एवढी पानं भरली, तुझ्याही लक्षात आलं असेल.

त्या दिवशी मी रजेवर होते. दिव्या घरून काम करत होती. तू, मिनल, पिंकी, आई, सगळे जेवायला आलात. मी स्वयंपाकघरात नारळीभाताला फोडणी देत होते. आपल्या गावाकडे हा भात कोण करतंय, इथं राहून शिकले, आणि तुला आवडतो म्हणून दर वर्षी करते. तू आत डोकावलास. "ताई, लॅपटॉप दे ना जरा. माझा घरी राहिला, एक कोटेशन पाठवायचंय." मी म्हणाले, टेबलावर उघडाच आहे, घे. लॉगिन चालूच होतं. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. भावाला लॅपटॉप देताना कोण पासवर्ड बदलतं रे? मिनल आत माझ्याशी काकडी चोचवत बोलत होती आणि तू बाहेर सोफ्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होतास. मग तू जेवलास. दोनदा भात मागून घेतलास. मी ओवाळलं, तू पाया पडलास.

आणि त्याच दुपारी, आमच्या लॉगिननं, ती ऑर्डर 'नारळ'वर गेली.

मला तेव्हा काही कळलं नाही, खरंच नाही. दुसऱ्या दिवशी हिरवं दिसलं तेव्हा वाटलं, दिव्यानं खात्री करून घेतली असेल. दिव्याला वाटलं, मॅडमनी केलं असेल. एका लॉगिनची हीच गंमत. आणि मौज बघ, कंपनीत एकाही माणसाच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा पडला नव्हता. प्रेसशॉपला माहीत, कँटीनला माहीत, गेटवरच्याला माहीत, नारळ फुटला नाही. पण पडद्यावर हिरवं दिसतंय ना, मग कोण विचारतंय! पोलाद आलं. कंत्राटी पोरं भरली. रॅक उभे राहायला लागले. आणि तिकडं खरेदीवाल्यानं सांगितलं, नवी गाडीच पुढं ढकलली आहे, तुमचे रॅक आता नकोत.

खंडेनवमीला काय झालं ते तू पाहिलंस, तू मशिनला हळद-कुंकू वाहत उभाच होतास. दादासाहेब काठी टेकत यार्डात गेले आणि ते अर्धवट रॅक बघून थांबले.

"ह्यो माल कुनाचा?"

बंटीसर म्हणाले, "दादा, मोठी ऑर्डर होती, जरा लांबली."

"नारळ कवा फुटला? मला परसाद न्हाई आला."

 म्हातारा सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. "पोरांनो, मी अजून जित्ता हाय. मला न इचारता नारळ कसा फुटतो?" मी तेव्हा तुझ्याकडे बघितलं. तू मशिनकडे बघत होतास. मला त्या क्षणी राखीची दुपार आठवली, तुझ्या मांडीवरचा माझा लॅपटॉप आठवला.

आता त्या कंत्राटी पोरांना दिवाळीच्या तोंडावर घरी बसवलंय. आणि बंटीसरांना कोणाच्या तरी गळ्यात हे घालायचंय. आयटीवाल्याला एवढंच दिसतंय की आमच्या लॉगिननं, कंपनीच्या बाहेरून, राखीच्या दिवशी झालं. मी रजेवर. म्हणजे दिव्या.

सोमवारी एचआरच्या जयमाला मॅडमनी आपल्याला बसवलं. दिव्या म्हणाली, मी केलं नाही. आणि तू? तू घसा खाकरून म्हणालास, "मी त्या दिवशी सकाळी तिला फोन केला होता. ती तयार झाली होती. तिनंच केलं असेल." सुजित, फोन झाला होता हे खरं, म्हणून पुढचं खोटंही खरं वाटलं सगळ्यांना. त्या फोनवर तिनं तुला तिसऱ्यांदा नाही म्हटलं होतं. ती रडायला लागली. रडतानाही म्हणत होती, "सर, असं कसं बोलता?"

मी तिथंच बसले होते. तिच्या शेजारी. आणि मी काही बोलले नाही.  आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला, पिंकीचा आला, आणि मी टेबलाच्या काचेकडे बघत बसले. याची लाज मला जन्मभर पुरेल.

आणि तू पार्किंगमध्ये मला गाठून काय म्हणालास? "ताई, काळजी करू नको. तुझं नाव येऊ दिलं नाही मी." वर माझ्यावर उपकार! मला तुझ्या थोबाडीत द्यावीशी वाटली होती, लहानपणी देत होते तशी.

दिव्याचं काय होणार ते ऐक. येत्या सोमवारी शेवटचं बसणं आहे. तिला काढणार, आणि तिच्या कागदावर 'डेटामध्ये फेरफार' असं लिहिणार. आपल्या पट्ट्यात, चाकणपासून हिंजवडी-माणपर्यंत, कोणतीही कंपनी घेण्याआधी जुन्या कंपनीला फोन करून विचारते. हा शेरा एकदा बसला की त्या पोरीला कोण दारात उभं करणार? तिला अजून पंचविशीही लागली नाही. जे तिनं तीनदा नाकारलं त्याचीच शिक्षा तिला.

म्हणून सांगते. सोमवारच्या आत तू बंटीसरांकडे जा आणि स्वतः सांग. तुला ते काढणार नाहीत, गिऱ्हाइकं तुझ्या ओळखीची आहेत. फार तर सेल्स हेड होणार नाहीस. मी तुझ्याबरोबर येते, वाटल्यास दाराबाहेर थांबते. तुला या कंपनीत मीच चिकटवलं होतं, तुझी बाजू मीच घेईन.

तू नाही गेलास तर सोमवारी मी बोलणार. हे धमकी म्हणून लिहीत नाही. मला दुसरा रस्ता दिसत नाही, म्हणून लिहिते. एकदा गप्प बसले, पुन्हा बसता येणार नाही.

आईला यातलं काही सांगू नकोस. जेवत जा.

वाट बघणारी,
ताई


दिघी,
गुरुवार, १६ ऑक्टोबर २०२५

सुजित,

माझं पत्र तुला मिळालं होतं. मिनलनं सांगितलं. तू वाचून खिशात घातलंस आणि गाडी धुवायला खाली गेलास.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी रात्री जेवताना दाजी म्हणाले, "येईल गं तो, तुझाच भाऊ आहे." मी फोन समोर ठेवून बसले होते. तू आला नाहीस.

सोमवारचं तुला सांगायची गरज नाही, तू समोरच्याच खुर्चीत होतास. तरी लिहिते, कारण तिथं जे झालं ते तुला सोयीचं तेवढंच लक्षात राहील.

मी सगळं सांगितलं. राखी, नारळीभात, सोफा, लॅपटॉप.  बंटीसर तुझ्याकडे वळले. "सुजित, मॅडमचा लॅपटॉप तू घेतला होतास?"

आणि तू म्हणालास, "आठवत नाही, सर."

'नाही घेतला' असं तरी म्हणायचं होतंस! खोटं तर खोटं, निदान ठणठणीत बोलला असतास. मग मी भांडले असते, ओरडले असते. 'आठवत नाही' याच्याशी कसं भांडायचं? माझ्या घरी माझ्या हातचं जेवलास, ओवाळून घेतलंस, पाया पडलास, आणि तुला आठवत नाही.

बंटीसरांना तेवढंच हवं होतं. मी त्यांचा चेहरा वाचत होते, त्यांना केव्हाच सगळं कळलं होतं. पण तू गेलास तर तुझ्या मागं गिऱ्हाइकं जातील, आणि मी गेले तर काय, सॉफ्टवेअर आहेच. ते म्हणाले, "मॅडम, भावा-बहिणीचं घरातलं इथं आणू नका. लॅपटॉप तुमचा, लॉगिन तुमच्या खात्याचं. तुमच्याच म्हणण्याप्रमाणे तुम्ही तो दुसऱ्याच्या हातात दिलात. मग जबाबदारी कोणाची?" हे मात्र खरं होतं. मी दिला होता. मी म्हणाले, दादासाहेबांना बोलवा, तर बंटीसर म्हणाले, त्यांची तब्येत बरी नाही. मला काही ते खरं वाटलं नाही.

जयमाला मॅडमनी राजीनाम्याचा कागद पुढं सरकवला. मी म्हणाले, आधी दिव्याचं पत्र. तिच्यावर काही ठपका नाही, असं कंपनीच्या शिक्क्यानिशी लिहून द्या, नाहीतर मी सही करणार नाही आणि इथून उठणारही नाही. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग टाइप करून आणलं. मी ते दोनदा वाचलं, दिव्याच्या हातात दिलं, आणि मग माझ्या कागदावर सही केली. तू तोपर्यंत चहा पीत होतास.

दिव्या मला सोडायला गेटपर्यंत आली. मला वाटलं, आभार मानेल. मानलेही. पण जाताना तिनं विचारलं, "मॅडम, पहिल्या सोमवारी तुम्ही गप्प का बसलात?" मी म्हणाले, तो माझा भाऊ आहे. ती म्हणाली, "आणि मी?"  तिनं माझी पिशवी रिक्षात ठेवली आणि आत गेली. तीही सोडतेय. माणला एका कंपनीत मुलाखत आहे, घेतील तिला. तिच्यासारखी पोरगी सुखासुखी मिळत नाही.

काल कळलं, तू सेल्स हेड झालास. आणि आमचं खातं आता सेल्सच्या खाली, म्हणजे तुझ्याच हाताखाली. ती नारळाची पायरीही सिस्टीममधून काढून टाकली म्हणे, उगाच वेळ जातो म्हणून. आता तुम्हीच ऑर्डर मागणार, तुम्हीच मान्य करणार, आणि पडदा कायम हिरवा राहणार. पुढच्या वेळी पोलाद येऊन पडेल तेव्हा खापर फोडायला तिथं मी नसेन, दिव्या नसेल. कोण सापडतं बघ.

मला नोकरी गेल्याचं दुःख नाही असं म्हणणार नाही. आहे. सकाळी डबा भरायला उठते आणि ओट्यापाशी उभी राहते. या वयात पुन्हा कोणाच्या दारात अर्ज घेऊन जायचं, याची धास्ती वाटते. दाजी धीर देतात, पण त्यांच्याही ओव्हरटाइमला मर्यादा आहे. हे सगळं मी सोसेन. पण ते तुझे दोन शब्द मला रोज ऐकू येतात, त्याला मी काय करू?

पुढच्या गुरुवारी भाऊबीज आहे. कंपनीला सुट्टी, तुला यायला काही अडचण नव्हती. येऊ नकोस. मिनल आणि पिंकी आल्या तर माझं दार उघडं आहे. आईला आणायला दाजी येतील. गुडघ्याच्या तेलाची बाटली मी तेव्हा तिच्याकडे देईन.

आई तुला विचारेल, ताईकडे का जात नाहीस. याबद्दल माझ्याशी तिचं बोलणं झालेलं नाही. मी तिला खोटं सांगणार नाही, आणि तिनं विचारल्याशिवाय खरंही सांगणार नाही. पहिल्यांदा ती तुलाच विचारेल, कारण ती तुझ्या घरात राहते. तिच्यासमोर बसून, तिच्या डोळ्यांत बघून काय सांगायचं, ते तुझं तू ठरव. बंटीसरांना चाललं ते तिच्यापुढं चालणार नाही.

मोठ्या बहिणीनं पत्राच्या शेवटी आशीर्वाद लिहायचा असतो. लिहायला गेले, हात पुढं जाईना. म्हणून नुसतं नाव लिहिते.

निशिगंधा